सुचणं आणि पुरं होणं यांच्या मधे

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी आठ-दहा जण जमतो. सगळे मराठीत लिहिणारे. एक काका बँकेतून निवृत्त झालेत, एक जण औषधांचं दुकान भावावर सोपवून येतात, दोन मुली अजून कॉलेजात आहेत. जिना उतरलं की आमची दिवसभराची भाषा हिंदी. वर येऊन चपला काढल्या की मराठी. नवा माणूस पहिल्या-दुसऱ्या बैठकीत हटकून विचारतो, सुचतं पुष्कळ, पण त्याचं पुढे करायचं काय? वर्षभर टिकलेल्या माणसाचा प्रश्न निराळा असतो. लिहून झालंय, पण ते पुरं झालं की नाही हे ओळखायचं कशावरून?

या दोन प्रश्नांच्या मधे जे घडतं त्याविषयी फारसं कुणी बोलत नाही. कवी सांगतो ती सुरुवात, की अमुक दिसलं आणि ओळ सुचली. वाचकाला दिसतं ते छापलेलं पान. मधले महिने, कधी कधी वर्षं, कुणाच्याच नजरेला पडत नाहीत. मला बोलायचंय ते त्या मधल्या काळाबद्दल, कारण माझ्या मते लिहिणं घडतं ते तिथेच, आणि नव्या लिहिणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूकही तिथलीच असते. ते तो काळ गाळून टाकतात.

वाल्मीकींची गोष्ट आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. तमसेच्या काठी व्याधानं क्रौंच पक्ष्याच्या जोडीतला नर मारला, मादीचा आक्रोश ऐकून ऋषींच्या तोंडून शाप निघाला आणि तो छंदात निघाला. शोकाचा श्लोक झाला. आपण गोष्ट इथेच थांबवतो आणि काव्य असं आपोआप बाहेर पडतं असं धरून चालतो. पण बालकांड पुढे वाचलं तर दिसतं, की वाल्मीकी आपल्याच शब्दांनी चकित होतात, हे मी काय बोलून गेलो म्हणून विचारात पडतात, आश्रमात परततात, तिथेही मन त्याच श्लोकापाशी घुटमळत राहतं. मग आसनावर बसून ते रामाचं सगळं चरित्र तळहातावरच्या आवळ्यासारखं स्वच्छ पाहतात, आणि त्यानंतर रामायण रचायला घेतात. तोंडून निघालेला श्लोक एक. त्यानंतरची चोवीस हजारांची रचना ही पाहण्याची आणि करण्याची गोष्ट आहे.

नेमकं हेच, आजच्या भाषेत, आमच्याच भागातल्या एका माणसानं मांडून ठेवलंय. गजानन माधव मुक्तिबोध १९१७ साली ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरला जन्मले. घर मराठी, वडील पोलीस खात्यात, त्यामुळे बदल्या. १९३८ साली इंदूरच्या होळकर कॉलेजातून बी. ए. झाले. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहीत, हे हिंदीत. एका घरातले दोन भाऊ दोन भाषांत लिहितात याचं नवल इथल्या मराठी माणसाला फारसं वाटत नाही. आमच्या कितीतरी घरांत हेच चालतं. तर मुक्तिबोधांनी ‘तीसरा क्षण’ या लेखात कलेचे तीन क्षण सांगितले आहेत. ते वाचायला अवघड जातात, म्हणून मी बैठकीत ते माझ्या शब्दांत सांगते.

पहिला क्षण म्हणजे आयुष्यातला उत्कट अनुभव. कुणी गेलं, कुणी भेटलं, काही दिसलं आणि आत कळ उठली. दुसऱ्या क्षणात तो अनुभव ज्या दुखऱ्या मुळांतून वर आला त्यांच्यापासून सुटा होतो आणि एक चित्र बनून डोळ्यांसमोर उभा राहतो. मुक्तिबोध त्याला फँटसी म्हणतात. तिसरा क्षण हे चित्र शब्दांत उतरायला लागतं तिथपासून ते पूर्ण होईपर्यंतचा. ‘क्षण’ म्हटलं तरी तिसरा क्षण वर्षानुवर्षं चालू शकतो. स्वतः मुक्तिबोध एकेका दीर्घ कवितेवर कित्येक वर्षं काम करत राहिले. ११ सप्टेंबर १९६४ ला ते गेले, तेव्हा त्यांचा स्वतंत्र कवितासंग्रह त्यांनी हातात घेऊन पाहिलेला नव्हता.

सगळ्यात जास्त गैरसमज दुसऱ्या क्षणाविषयी आहे. दुःख सुटं होतं म्हणजे ते कमी होतं असं नाही. ते आपल्या एकट्याचं राहत नाही. तोवर आपण त्याच्या आत असतो, आता त्याच्याभोवती फिरून ते पाहू शकतो. आवळा मुठीत घट्ट धरला तर दिसत नाही, तळहातावर ठेवला तर दिसतो.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून मी माझाच खर्डा काढून दाखवते.

ग्वाल्हेरच्या जुन्या घरांची छपरं दगडी पटियांची असतात. मे महिन्यात तो दगड दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतो. म्हणून संध्याकाळी गच्ची शिंपायची, दगड निवला की गाद्या टाकायच्या, ही उन्हाळ्याची रीत. आमच्याकडे ते काम आईचं. आमचं कुटुंब मोठं होतं, मग एकेक जण नोकरीला, सासरी, देवाघरी गेलं. बाबा गेले त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी गच्चीवर एक कविता लिहिली. तिच्या ओळी अशा होत्या:

गच्चीवरती चांदणे सांडले
आठवणींचे मोती मांडले
कुठे हरवली ती सारी माणसे
आई, तुझे ते हसरे आरसे

लिहिताना मी रडले होते. कविता चांगली आहे असं मला त्यामुळेच वाटलं. तेव्हा माझी समजूत अशी होती, की लिहिणाऱ्याला जे होतं ते वाचणाऱ्याला होणारच. आज त्या ओळी वाचल्या की कळतं, त्यांत माझ्या घरातलं काहीच नाही. चांदणं कुणाच्याही गच्चीवर सांडतं. मोती आमच्याकडे नव्हते. ‘माणसे’ला यमक हवं म्हणून ‘आरसे’ आले. आमच्या घरात आरसा एकच, तोही मोरीबाहेरच्या भिंतीवर. मी पहिल्या क्षणातून उडी मारून थेट तिसऱ्यात गेले होते. कळ ताजी, हात घाईचा, आणि डोळ्यांसमोर पाहायला काही नाही. अशा वेळी शब्द आपल्या अनुभवातून येत नाहीत, आधी वाचलेल्या कवितांमधून येतात. नव्या कवितांमध्ये तेच ते चांदणं का सापडतं याचं उत्तर इथे आहे.

ती वही नऊ वर्षं तशीच राहिली. मधल्या काळात मी कविता ‘पिकवत’ वगैरे नव्हते, शाळेत शिकवत होते आणि घर चालवत होते. पण एका उन्हाळ्यात आईचा हात दुखावला आणि गच्ची शिंपायचं काम माझ्याकडे आलं. बादली घेऊन वर गेले, पहिला तांब्या ओतला आणि पाणी दिसेनासं झालं. दगडानं ते पिऊन टाकलं. दुसरा तांब्याही तसाच. तिसऱ्याला तो वास आला. खाली आल्यावर मी वहीत एवढंच लिहिलं: सहा वाजता. बादली, पितळी तांब्या. दोन तांबे दगड पितो. वास तिसऱ्याला. आई सबंध गच्ची शिंपायची, झोपणारे दोघंच असले तरी.

यातलं शेवटचं वाक्य लिहिताना मी थांबले. हे मी इतकी वर्षं रोज पाहत होते, पण ते मला दिसलेलं नव्हतं.

टिपणवही ठेवा असं सगळेच सांगतात. तिच्यात काय लिहायचं हे मात्र कुणी सांगत नाही. मी सांगते, वस्तू लिहा, वेळ लिहा, हात काय करत होते ते लिहा. ‘आज फार उदास वाटलं’ हे वाक्य सहा महिन्यांनी वाचलं तर त्यातून ती उदासी परत येत नाही. ‘पितळी तांब्या, दोन तांबे दगड पितो’ हे वाचलं तर ती संध्याकाळ सगळी परत येते.

पुढची पायरी म्हणजे या बीजाची कविता होणार की कथा, हे ओळखणं. याचा पक्का नियम माझ्याकडे नाही, पण एक खूण आहे. जे पुन्हा पुन्हा आठवतं ते चित्र किंवा आवाज असेल तर बहुधा कविता. जे आठवतं त्याच्यामागून ‘मग?’ असा प्रश्न येत असेल तर कथा. गच्चीची मी एकदा कथा करून पाहिली. चार पानं झाली आणि काहीच हलेना, कारण गच्चीवर काही बदलतच नव्हतं. आई रोज शिंपते, इतकंच. न बदलणं हाच तिचा गाभा आहे आणि तो कवितेलाच पेलतो.

कथेसाठी दुसरं बीज सांगते. शेजारच्या एका वाड्याची वाटणी झाली तेव्हा चांदी तोलायला सराफ्यातून सोनार बोलावला होता, एवढं एक वाक्य माझ्या कानावर आलं. याहून जास्त मला काही माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नाही. कथेला फार माहिती मिळाली तर ती त्या घराचा वृत्तान्त होऊन बसते.

वाड्याची वाटणी हा झाला विषय. विषयावर निबंध होतो. कथा व्हायला कुणाला तरी काही तरी हवं असावं लागतं, आणि ते मिळण्याच्या आड काही तरी यावं लागतं. मी पहिला खर्डा लिहिला तो थोरल्या सुनेच्या लग्नापासून: तीस वर्षांपूर्वी ती या वाड्यात कशी आली, सासू कशी होती, अंगणात काय काय होतं. तीन पानांनंतर सोनार दारात आला. ती तीन पानं पुढे मी काढून टाकली. अशी पानं वाया जात नाहीत, पण ती लेखकासाठी असतात. मला ती बाई ओळखीची व्हावी म्हणून ती लिहावी लागली. वाचकाला ती ओळख दुपारच्या त्या एका तासात, तिच्या हातांवरून होऊ शकते. बहुतेक पहिल्या खर्ड्यांची खरी सुरुवात दुसऱ्या-तिसऱ्या पानावर असते. आमच्या बैठकीत कथा वाचली जाते तेव्हा मी ऐकता ऐकता समासात खूण करते, की कथा इथे सुरू झाली.

मग प्रश्न आला, तोलायला काय ठेवायचं? आधी मी ताटं-वाट्या ठेवल्या होत्या. कथा थंड पडली. ताटं वाटली जातात, कुणाचं काही अडत नाही. तिसऱ्या खर्ड्यात मी ताटांच्या जागी गौरीचे चांदीचे मुखवटे ठेवले, आणि कथा जागी झाली. गौरी दोन. ज्येष्ठा आणि कनिष्ठा. घरात जावाही दोन, थोरली आणि धाकटी. वाटणीच्या हिशेबानं एकेकीला एकेक मुखवटा दिला की बरोबर अर्धं-अर्धं होतं, आणि एकेकट्या गौरीचं कुणालाच काही करता येत नाही. हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. ताटं बदलून मुखवटे लिहिले तेव्हा ते कागदावर आपणहून उभं राहिलं. मुक्तिबोध म्हणतात की शब्दांत उतरताना मूळ चित्रही बदलत जातं, त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. लिहिणं म्हणजे आधी ठरलेलं उतरवून काढणं असतं तर पहिल्या खर्ड्यानंतर काहीच करायला उरलं नसतं.

यानंतर कथा सांगणार कोण, हे ठरवायचं होतं. थोरलीच्या नजरेनं लिहिली तर ती तक्रार झाली. धाकटी मुरैन्याकडची, माहेरची हिंदी बोलणारी. सासरी येऊन पुरणपोळी शिकलेली, गौरीची गाणी पाठ केलेली. तिच्या नजरेनं लिहिली तर मी तिची वकिली करू लागले. शेवटी सोनाराच्या नजरेनं लिहिली. त्याला या घरातलं काही माहीत नाही. त्याला दिसतात दोन मुखवटे, त्यांतल्या एकाच्या नाकाशी झिजलेली चांदी, काट्यावरचा आकडा, आणि दोन बायका ज्या एकमेकींकडे बघत नाहीत. त्याला कळत नाही म्हणून वाचकाला कळतं. दृष्टिकोन निवडणं म्हणजे वाचकासाठी काय झाकून ठेवायचं ते निवडणं, असं मी शिकले.

इथे भाषेबद्दल थोडं बोलायला हवं, कारण ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा इथल्या लेखकांना ते चुकत नाही. माझ्या कथेतली धाकटी जाऊ म्हणते, “ताई, तुम्ही ठेवून घ्या.” प्रमाण मराठीत हे ‘तुम्हीच ठेवा’ असं होईल. ‘ठेवून घ्या’मध्ये ‘रख लो’ आहे. काम ‘होऊन गेलं’, त्याला ‘सांगून दे’, असं आम्ही सगळेच बोलतो. कथा बाहेर पाठवली तेव्हा ते वाक्य दुरुस्त होऊन छापलं गेलं, आणि ती बाई माझ्या कथेतून निघून गेली. कारण त्या एका क्रियापदात तिचं माहेर, तिची वीस वर्षांची मेहनत आणि आमचं सगळं गाव होतं. निवेदन मी प्रमाण भाषेत लिहिते, मला ते आवडतं. पण पात्राच्या तोंडचं वाक्य मी आता हट्टानं राखते. पुनर्लेखन करताना सगळं गुळगुळीत करायचा मोह होतो, त्यात सगळ्यात आधी बळी जातो तो असल्या वाक्यांचा.

पुनर्लेखनाबद्दल मला ज्यानं सगळ्यात जास्त शिकवलं तो लेखक अकराशे वर्षांपूर्वीचा आहे, संस्कृत कवी राजशेखर. आमच्या किल्ल्यावर जायच्या वाटेवर चतुर्भुज मंदिर लागतं, खडकात कोरलेलं. तिथला शिलालेख इसवी सन ८७६ चा आहे. तेव्हा इथे राज्य होतं प्रतिहार राजा मिहिरभोजाचं. त्याचा मुलगा महेंद्रपाल हा राजशेखराचा शिष्य. राजशेखर राहिला कनौजला, पण आपल्या पणजोबांना, अकालजलदांना, तो ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणतो. महाराष्ट्रातून उत्तरेत येऊन रुजलेलं घराणं! मला त्याच्याविषयी घरच्यासारखी माया वाटते ती यामुळे.

त्याच्या ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात कवीची दिनचर्या आहे. दिवसाचे चार प्रहर. पहिल्यात अभ्यास, दुसऱ्यात रचना, जेवणानंतर तिसऱ्यात काव्यगोष्टी, आणि चौथ्या प्रहरात, एकट्यानं किंवा मोजक्या माणसांत, सकाळी लिहिलेल्याची परीक्षा. कारणही त्यानं दिलंय. रसाच्या आवेशात लिहिताना निवड करणारी नजर जागी नसते, म्हणून मागाहून तपासायचं. लेखन-साहित्यात तो लेखणी-शाईच्या आधी फळी आणि खडू सांगतो. खडू म्हणजे पुसता येणारी वस्तू. बदलायची तयारी ठेवूनच लिहायला बसायचं, असं मी त्यातून घेते.

आणि मग तो परीक्षेत करायची चार कामं सांगतो: अधिकाचा त्याग, उण्याची भर, चुकीच्या जागी असलेल्याची अदलाबदल, आणि विसरलेल्याचं अनुसंधान. पुनर्लेखनावर यापेक्षा जास्त उपयोगी असं मी काही वाचलेलं नाही. पहिली तीन कामं बहुतेकांना ठाऊक असतात. चौथं मला फार मोठं वाटतं. लिहिण्याच्या भरात जे लिहायचंच राहिलं, जे अनुभवात होतं पण कागदावर उतरलं नाही, ते पुन्हा शोधून आणायचं. हे कागदाकडे बघून होत नाही, त्या जागी परत जावं लागतं. मला बादली घेऊन गच्चीवर जावं लागलं तसं.

टिपणातून कविता करताना ही चारही कामं झाली. चांदणं, मोती, आरसे गेले. ‘आई एकटी’ हे शब्द तर शेवटपर्यंत चिकटून होते. ते काढले तेव्हा मला भीती वाटली की आता कुणाला काही कळणार नाही. गाद्यांचा आकडा पहिल्या ओळीत होता. तिथे तो नुसती माहिती वाटे, म्हणून खाली नेला. आज ती कविता अशी आहे:

सहाला आई बादली घेऊन वर जाते.
पहिला तांब्या दगड पिऊन टाकतो.
दुसराही.
तिसऱ्याला वास येतो.

अकरा गाद्या पडायच्या इथे.
आता दोन.

आई शिंपते
अकरांची जागा.

‘दुसराही’ हा शब्द एकटा एका ओळीवर का, असं कॉलेजातल्या मुलीनं विचारलं. मोठ्यानं वाच, म्हटलं. तिनं वाचलं आणि त्या ओळीनंतर आपोआप थांबली. तेवढ्या थांबण्यात दगड पाणी पितो. मुक्तछंदात ओळ तोडण्याला दुसरं कारण नसावं. छंदात हे काम मात्रा करतात. आमचे राजकवी भा. रा. तांबे यांच्या समग्र कवितेत कित्येक कवितांपाशी वृत्ताची जाती, राग, स्थळ आणि साल यांची नोंद आहे. लष्कर-ग्वाल्हेर हे स्थळ त्यात वारंवार येतं. ख्यालगायकीच्या या गावात कवीनं कवितेपाशी राग लिहून ठेवावा हे किती साहजिक आहे. पण त्यातला धडा गाऊ न शकणाऱ्यांनाही लागू आहे. कविता काय, कथा काय, खर्डा मोठ्यानं वाचल्याशिवाय त्याची खोट कळत नाही. डोळा सवयीनं पुढे सरकतो, जीभ अडते. जीभ जिथे दोनदा अडली तिथे वाक्यात काही तरी चुकलंय.

दुसऱ्यांना कधी दाखवायचं? राजशेखर याबाबत कडक आहे. अर्धवट रचना वाचून दाखवू नये, ती पुरी होत नाही, असं तो म्हणतो. मला हे अनुभवानं पटलंय. कथा सांगून टाकली की लिहायची ओढच जाते. नवीन कविता एकट्या माणसापुढे वाचू नये असंही तो बजावतो, कारण त्यानं ती स्वतःची म्हणून सांगितली तर साक्षीदार कुठून आणणार! म्हणून आम्ही पूर्ण खर्डाच आणायचा आणि सगळ्यांपुढेच वाचायचा असं ठरवलंय. ऐकणाऱ्यानं ‘छान आहे’ म्हणायचं नाही. काय दिसलं आणि कुठे लक्ष उडालं, एवढंच सांगायचं. मुखवट्यांच्या कथेच्या शेवटी मी दोन्ही जावांना एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लावलं होतं. औषधवाले काका म्हणाले, “मला शेवटचा सोनारच दिसला. पुढचं नाही दिसलं.” शेवटचे दोन परिच्छेद गेले. आता कथा संपते तेव्हा धाकटी म्हणते, “एकदम तोला,” आणि सोनार दोन्ही मुखवटे काट्यावर एकत्र ठेवून चिठ्ठीवर एकच आकडा लिहितो. चिठ्ठी कुणी घेतली हे मी लिहिलेलं नाही.

पुरं झालं हे ओळखायचं कसं, हा प्रश्न उरतो. जुन्या काव्यशास्त्रात याला ‘पाक’ म्हणतात, रचना पिकणं. काव्यशास्त्रकार वामन सांगतो, की मन डळमळतंय तोवर शब्द ठेवणं-काढणं चालू राहतं. शब्द असे बसले की बदल सोसत नाहीत, तेव्हा पाक झाला. हे मत ऐकायला फार भारदस्त आहे आणि बरेच लेखक त्याच्या धाकानं एकही कविता हातावेगळी करत नाहीत. पण राजशेखरानं पुढे आपल्या पत्नीचं, अवंतिसुंदरीचं मत दिलंय. ती म्हणते, ही तर असमर्थता झाली, हा पाक नव्हे. मोठ्या कवींचे एकाच गोष्टीसाठी अनेक पाठ असतात आणि ते सगळे पिकलेले असतात. मी तिच्या बाजूची आहे. ‘दगड पिऊन टाकतो’च्या जागी ‘दगड गिळतो’ असतं तर कविता मेली नसती, थोडी वेगळी झाली असती. म्हणून मी शब्द बदलत नाहीत का हे बघत नाही. बदल केल्यावर कविता अधिक खरी होतेय की नुसती निराळी, ते बघते. सलग तीन-चार वेळा नुसती निराळीच होत राहिली, की वही मिटते.

गच्चीची कविता मी अशी मिटून ठेवली होती. गेल्या उन्हाळ्यात बैठकीत ती वाचली तेव्हा आई दाराशी शेंगा निवडत बसली होती. सगळे गेल्यावर म्हणाली, “अकरा नव्हत्या गं. बारा.”

मी बोटांवर मोजलं, आम्ही भावंडं, काका, काकू, आजी. अकराच.

“बारावी माझी. तुम्ही सगळे झोपलात की घालायचे जिन्यापाशी. पहाटे तुमच्या आधी गुंडाळायचे, पाणी भरायचं असायचं.”

कवितेत अजून अकराच आहेत. समासात पेन्सिलीनं बारा लिहिलंय, आणि त्याखाली त्या दिवशीची टिपणं: जिन्यापाशी. पहाटेचा नळ. गुंडाळलेली गादी. त्यातलं काय या कवितेचं आणि काय दुसऱ्या कुठल्या, ते मला अजून दिसत नाही. मे महिना यायचाय.